शेड नको, वर्षं द्या

गेल्या महिन्यात आमच्या ट्रस्टने तालुक्यातल्या सहा मोठ्या लोकांना एक पत्र पाठवलं. भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण, पाच वर्षं, वर्षाला १६ लाख, एकूण ८० लाख. पत्राचा फोटो कुणीतरी गावातल्या ग्रुपवर टाकला आणि दोन दिवस नुसती खडाजंगी चालली. एक बाजू म्हणते शाळेत पोरांना बसायला धड बाक नाहीत आणि ह्यांना कुत्र्यांसाठी ८० लाख हवेत. दुसरी बाजू, म्हणजे आमचीच माणसं, म्हणतात तुमच्यात दयामाया उरली नाही, मुक्या जिवांचा तळतळाट लागेल. मी सगळं वाचत होते आणि मला दोन्ही बाजूंचा सारखाच त्रास झाला, कारण ८० लाख कशाचे, पाचच वर्षं का, आणि हजार लोकांकडे मागायचं सोडून सहा जणांकडे का मागितले, हे एकानेही विचारलं नाही. मी सहा वर्षं ह्या ट्रस्टचे हिशोब बघतेय, म्हणून हे लिहितेय.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. प्राण्यांच्या कामासाठी मोठी देणगी मागण्यात लाजण्यासारखं काही नाही, उलट ती मागितलीच पाहिजे, पण आपण इतकी वर्षं ती चुकीच्या गोष्टीसाठी मागत आलो. आपण शेड मागतो, गाडी मागतो, ऑपरेशनचं टेबल मागतो, आणि देणारेही तेच देतात कारण त्यावर नाव टाकता येतं. मागायला हवी होती वर्षं. डॉक्टरचा पाच वर्षांचा पगार, कुत्रे पकडणाऱ्या पोरांचा पगार, लस, भूल, टाके, डिझेल. ह्यातल्या कशावर पाटी लावता येत नाही आणि काम सगळं ह्यानेच होतं.

आता 'माणसं आधी' हा मुद्दा. हा मुद्दा कमअस्सल नाही आणि आमच्या लोकांनी तो हसण्यावारी नेऊ नये. रस्त्यावरची कुत्री चावतात ती गाडीत बसून जाणाऱ्याला नाही चावत, ती चावतात शाळेत चालत जाणाऱ्या पोराला, पहाटे कामाला निघालेल्या सफाई कामगार बाईला, दूध घालणाऱ्याला. जगात रेबीजने जेवढी माणसं जातात त्यातली साधारण ३६ टक्के एकट्या भारतात जातात असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि त्यात मुलं फार आहेत. ज्या आईचं लेकरू असं गेलं तिला दयेवर प्रवचन देण्याचा अधिकार कुणालाच नाही. पण मग त्या आईच्या बाजूने उभं राहायचं म्हणजे करायचं काय? लेकरू वाचवायचा सगळ्यात पक्का मार्ग कुत्र्याच्या अंगातून जातो. एखाद्या भागातल्या ७० टक्के कुत्र्यांना दर वर्षी लस मिळत राहिली की रेबीजची साखळी तुटते, हे जगभर मानलं गेलंय. म्हणजे ते १६ लाख 'कुत्र्यांसाठी' आहेत की पोरांसाठी, हा प्रश्नच मुळात चुकीचा पडतो.

आणि दानाचं असं नसतं की एकच हंडा आहे आणि त्यातून कुत्र्याला वाटीभर दिलं की माणसाला तेवढं कमी पडलं. न्यूयॉर्कमधे हेन्री बर्ग नावाच्या माणसाने १८६६ मधे प्राण्यांवरच्या क्रूरतेविरुद्ध संस्था काढली, तेव्हाही लोक हेच म्हणाले होते. पुढे १८७४ मधे मेरी एलन नावाच्या एका लहान मुलीचा घरात भयंकर छळ चाललाय हे उघड झालं, तेव्हा तिला सोडवायला मदत करणारा माणूस हाच बर्ग, आणि त्यातूनच मुलांच्या संरक्षणासाठी वेगळी संस्था उभी राहिली. आपल्याकडेही बघा की. सर जमशेटजी जीजीभॉय ह्यांनी जे. जे. हॉस्पिटलला पैसे दिले, जे. जे. स्कूल ऑफ आर्टला दिले, आणि मुंबईच्या पांजरपोळालाही दिले. त्यांच्या घरच्या अवाबाईंनी माहीमचा कॉजवे बांधायला पैसे दिले, १८४५ मधे तो खुला झाला, लोकांकडून टोल घ्यायचा नाही अशी अट घालून. कुणाला वाटतं का की पांजरपोळाला दिले म्हणून जे. जे.मधली एखादी खाट कमी झाली असेल? देणाऱ्याचा हात एकदा सैल झाला की तो सगळीकडेच सैल होतो, हा माझा सहा वर्षांचा अनुभव आहे. आमच्या देणगीदारांच्या यादीतली निम्मी नावं गावच्या वाचनालयाच्या आणि डायलिसिस सेंटरच्या बोर्डावर पण आहेत.

पांजरपोळाची गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण ह्या वादात ती यायलाच हवी होती आणि कुणाला आठवली नाही. १८३२ मधे मुंबईत दंगल झाली ती कुत्र्यांवरून. कंपनी सरकारने भटकी कुत्री मारायचा हुकूम काढला होता, मारणाऱ्या शिपायांना कुत्र्यामागे पैसे मिळायचे, मग ते घरादारातली कुत्री पण मारायला लागले. पारशी लोक खवळले, हिंदू, जैन आणि बाकीचे व्यापारी त्यांच्या बाजूला आले, बाजार बंद पडला. आणि दोन वर्षांनी, १८३४ मधे, जमशेटजी आणि शेठ मोतीचंद अमीचंद ह्यांनी मिळून पांजरपोळ काढलं. म्हणजे कुत्री मारायची की सांभाळायची ह्या भांडणाला आपल्याकडे दोनशे वर्षं होत आली, आणि तेव्हाही त्यातून वाट काढली ती मोठ्या देणगीनेच. पण मला त्यातली महत्त्वाची गोष्ट वेगळीच वाटते. पांजरपोळं नुसती एका शेठजीच्या रकमेवर चालत नसत. व्यापारी महाजन आपणहून मालावर लागा बसवायचे, गाठोड्यामागे, पोत्यामागे थोडी थोडी रक्कम, आणि ती वर्षानुवर्षं जमा होत राहायची. शिवाय जागा, चाळी, दुकानगाळे, त्यांचं भाडं. म्हणजे सुरुवात मोठ्या माणसाने करायची आणि चारा कायमच्या उत्पन्नातून यायचा. ही अक्कल त्या काळच्या व्यापाऱ्यांकडे होती. आपण मात्र फोटो टाकून पाचशे-पाचशे रुपये मागत बसलोय.

परळचं बैलघोडा हॉस्पिटल घ्या. बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हे पूर्ण नाव कितीजणांना माहीत असेल शंका आहे, टॅक्सीवाल्याला बैलघोडा म्हटलं की कळतं. सर दिनशॉ माणेकजी पेटिट ह्या गिरणीमालकाने १८८३ च्या सुमाराला पत्नीच्या नावाने ते उभं केलं, कारण तेव्हा मुंबईची सगळी वाहतूक बैल आणि घोडे ओढत होते आणि खांदे सोललेली, पाय मोडलेली जनावरं रस्त्यात पडलेली असायची. ट्राम गेल्या, टांगे गेले, गिरण्या गेल्या, हॉस्पिटल अजून चालू आहे. नाव देणगीदाराच्या बायकोचं आहे म्हणून तिथल्या एका तरी बैलाचं काही बिघडलं का? आणि २०२४ मधे महालक्ष्मीला टाटा ट्रस्टने प्राण्यांचं हॉस्पिटल उघडलं, १६५ कोटींचं. रतन टाटांना ते हयातीत उघडलेलं बघायला मिळालं ही मला फार बरी वाटणारी गोष्ट आहे. अशा मोठ्या देणग्या येतायत त्याबद्दल नाक मुरडण्याचं काहीच कारण नाही.

पण महालक्ष्मीला लोक आपलं पाळलेलं जनावर घेऊन जातात, आणि तालुक्याच्या गावात बसस्टँडमागे व्यालेल्या कुत्रीला कुणी घेऊन जात नाही, तिच्यापर्यंत आपल्यालाच जावं लागतं, दर आठवड्याला, पहाटे, जाळं घेऊन. ह्या कामाचा स्वभावच वेगळा आहे. आमच्या गावात आम्ही स्वतः वॉर्डावॉर्डात फिरून मोजली तेव्हा साधारण तीन हजार कुत्री भरली. वर्षाला हजार ऑपरेशनं झाली तर तीन वर्षांत बहुतेक गाव पुरं होतं आणि पुढची दोन वर्षं नवीन आलेली, राहून गेलेली आणि दर वर्षीची लस. आता समजा दुसऱ्या वर्षी पैसे संपले. मधे एक वर्ष काम बंद. ज्या कुत्र्या राहिल्यात त्या वर्षाला एकदा-दोनदा विणार, आणि चौथ्या वर्षी तुम्ही परत जवळजवळ पहिल्या पायरीवर. म्हणजे दोन वर्षांचे ३२ लाख पाण्यात. हेच आमच्याकडे एकदा झालंय म्हणून मला हे पोटतिडकीने सांगावं लागतंय.

आमच्या १६ लाखांचा हिशोब पण इथेच देते, लपवण्यासारखं काही नाही. एक डॉक्टर महिना ४५ हजार, वर्षाचे ५ लाख ४० हजार. दोन कॅचर, म्हणजे कुत्री पकडणारे, आणि एक ड्रेसिंग करणारा, प्रत्येकी १५ हजार, तेही ५ लाख ४० हजार. औषधं, भूल, लस, टाक्याचं सामान ३ लाख २० हजार. डिझेल आणि ऑपरेशननंतर ठेवलेल्या कुत्र्यांचं खाणं २ लाख. झाले १६. बांधकामाला एक रुपया नाही. ह्यातला पगाराचा आकडा वाचून एकजण म्हणाले, म्हणजे निम्म्याहून जास्त पैसा माणसांच्या खिशात जातो की. हो, जातो. कुत्र्याचं गर्भाशय माणसालाच काढावं लागतं, आणि ज्या पोराला आठवड्यातून एकदा तरी चावा बसतो त्याला १५ हजार हे कमीच आहेत, मला त्याच्या घरी जायला लाज वाटते.

काही वर्षांपूर्वी आम्हाला एका कारखानदाराने गाडी दिली. प्राण्यांची रुग्णवाहिका, तिन्ही बाजूंना घराण्याचं नाव, पूजा, नारळ, पेपरात फोटो. ड्रायव्हरचे पैसे मात्र कोण देणार हे त्यांनी विचारलं नाही आणि आम्हीही सांगितलं नाही, मोठ्या माणसाला नाराज कसं करायचं म्हणून गप्प बसलो. वर्ष-दीड वर्ष ती गाडी शेडमधे उभी होती. टायर बसले, बॅटरी गेली, उंदरांनी वायर कुरतडल्या. आणि त्याच काळात मी स्वतः रिक्षात पोतं टाकून पाय चेंगरलेलं कुत्रं डॉक्टरकडे नेलंय. त्या गृहस्थांना मी दोष देत नाही. मागायला गेलेल्याने खरं सांगायचं असतं. ही गाडी बारा लाखांची आहे साहेब पण ती चालवायला वर्षाला तीन-चार लाख लागतील, तेवढे द्याल तर घेतो, नाहीतर तुमचे पैसे वाया जातील. हे वाक्य तेव्हा माझ्या तोंडून निघालं नाही. आज निघतं.

दुसरा मोठा आक्षेप, आणि हा मला सगळ्यात वजनदार वाटतो. लोक म्हणतात की कुत्र्यांची नसबंदी ही नगरपालिकेची जबाबदारी आहे, २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियम तेच सांगतात, मग शेठ लोकांकडून पैसे आणून तुम्ही पालिकेला मोकळं का सोडताय? खरंय. २०२५ च्या ऑगस्टमधे सर्वोच्च न्यायालयाने आधी दिल्ली परिसरातली सगळी कुत्री उचलून शेल्टरमधे ठेवा म्हटलं, मग अकरा दिवसांनी तो आदेश बदलून नसबंदी-लस करून परत सोडा म्हटलं, रेबीज झालेली आणि चवताळलेली सोडून. त्या सगळ्या गदारोळात टीव्हीवर कुत्राप्रेमी विरुद्ध कुत्राविरोधी अशी जुंपली, आणि स्थानिक संस्थांनी वीस वर्षांत ह्या कामाला किती डॉक्टर ठेवले, किती खर्च केला, हे विचारायचं राहून गेलं. पण म्हणून देणगी नको? जमशेटजींनी जे. जे. हॉस्पिटलसाठी लाख रुपये देऊ केले तेव्हा अट घातली होती की कंपनी सरकारनेही तेवढेच घालावेत. देणगी सरकारला मोकळं सोडू पण शकते आणि बांधू पण शकते, कुठलं होणार हे ती अट कशी लिहिली त्यावर ठरतं. आमच्या पत्रातही हेच आहे, पहिल्या वर्षी पूर्ण खर्च देणगीतून, दुसऱ्या वर्षापासून पालिकेने ठराव करून पिंजऱ्यांची जागा, पाणी, वीज आणि लस द्यायची, नाही दिली तर देणगीदार पुढचा हप्ता थांबवू शकतो. मोठ्या देणगीदाराच्या शब्दाला पालिकेत जे वजन असतं ते आमच्या शंभर निवेदनांना नसतं, आणि ते वजन सार्वजनिक कामासाठी वापरलं तर त्यात गैर काय?

हे नुसतं कागदावरचं आहे असं वाटत असेल तर शेजारी गोव्यात बघा. तिथे गेल्या दशकात मिशन रेबीज ह्या परदेशी मदतीवर उभ्या असलेल्या संस्थेने राज्य सरकारबरोबर काम केलं. वर्षाला ९५ हजारांच्या आसपास कुत्र्यांना लस, सोबत शाळांमधे जाऊन मुलांना शिकवणं आणि रेबीजवर नजर ठेवणारी यंत्रणा. लसी एका औषध कंपनीने दिल्या, पगार देणगीतून आणि सरकारी पैशातून. कुत्र्यांमधल्या केसेस ९० टक्क्यांहून जास्त घटल्या आणि २०२१ मधे गोवा सरकारने राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर केलं. गोव्यात काय होतं जे सावंतवाडीत, कुडाळात नाही? कुत्री तीच, माणसं तीच, मधे एक चेकनाका. तिथे पैसा सलग वर्षानुवर्षं आला आणि एका ठरलेल्या कामासाठी आला, एवढाच फरक मला दिसतो.

आता मालकीचा प्रश्न. मोठा पैसा घेतला की मोठा माणूस संस्थेचा मालक होतो, ही भीती खोटी नाही आणि कोल्हापूरकरांना तर ती सांगायला नको. २०२५ च्या जुलैमधे नांदणी मठाची हत्तीण महादेवी, आपली माधुरी, न्यायालयाच्या आदेशाने जामनगरला अंबानींच्या वनतारा ह्या प्राणी केंद्रात नेली. गावंच्या गावं रस्त्यावर आली, लोकांनी जिओची सिमं बदलून घेतली, बायका रडत होत्या आणि ते रडू खरं होतं. पण तेव्हाचा वाद आठवा. अंबानी विरुद्ध मठ, पेटा विरुद्ध परंपरा, ह्याच्या पुढे तो गेलाच नाही. न्यायालयापुढे मुद्दा होता हत्तिणीच्या पायाच्या जखमांचा, वाढलेल्या नखांचा, संधिवाताचा. पश्चिम महाराष्ट्रात साखर कारखाने आहेत, दूध संघ आहेत, सूतगिरण्या आहेत, पिढीजात सराफ आहेत, आणि ह्या सगळ्यांच्या मुलखात एका हत्तिणीच्या पायावर नीट उपचार होतील, तिला मातीत चालता येईल, पाण्यात डुंबता येईल अशी एक जागा नव्हती. असती तर तिला बाराशे किलोमीटर न्यायची वेळ आली असती का? वनताराच्या कारभाराची न्यायालयाने नेमलेल्या पथकाने चौकशी केली आणि त्यांना गैर काही आढळलं नाही, तो विषय वेगळा. माझा मुद्दा असा की मोठा पैसा आपण जवळच्या, ओळखीच्या, जाब विचारता येईल अशा माणसांकडून वेळेवर मागितला नाही की तो लांबून येतो, आणि मग तो आपल्या अटींवर येत नाही. पुढे नांदणीजवळच केंद्र करण्याची बोलणी सुरू झाली, ती आधी का झाली नाहीत?

मालकी होऊ द्यायची नसेल तर तसे नियम आधी करावे लागतात, देणगी आल्यावर नाही. आमच्याकडे नियम आहे की एका देणगीदाराकडून वर्षाच्या खर्चाच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त घ्यायचं नाही. म्हणून तर पत्र सहा जणांना गेलं, एकाला नाही. देणगीदार विश्वस्त मंडळावर येणार नाही. कुठलं कुत्रं उचलायचं हे तो फोन करून सांगणार नाही (हे फार होतं, बंगल्यासमोर भुंकतंय, घेऊन जा). धर्मादाय आयुक्तांकडे जे हिशोबपत्रक जातं तेच त्याला आणि तेच गावाला. आणि नावाचं म्हणाल तर ह्यात मला एकच एक उत्तर दिसत नाही. अण्णा कर्व्यांनी महिला विद्यापीठ १९१६ मधे काढलं, रुपया-आठ आणे गोळा करत चालवलं, आणि १९२० मधे सर विठ्ठलदास ठाकरसींनी १५ लाख दिले तेव्हा त्यांच्या आईचं, नाथीबाईंचं नाव विद्यापीठाला घेतलं. तिकडे कर्मवीर भाऊराव पाटलांची आठवण सांगतात की नाव बदला, मोठी रक्कम देतो म्हणणाऱ्याला त्यांनी सरळ नकार दिला, कारण कॉलेजला दिलेलं शिवाजी महाराजांचं नाव त्यांना विकायचं नव्हतं. दोघांपैकी चुकलं कोण? माझ्या मते कुणीच नाही. कर्व्यांनी नाव दिलं पण विद्यापीठ कशासाठी आहे हे सोडलं नाही, आणि भाऊरावांच्या लेखी कॉलेज कशासाठी आहे हे त्या नावातच होतं. काय द्यायचं आणि काय नाही हे आपल्याला आधी माहीत असलं पाहिजे, एवढंच त्यातून मी घेते.

पैसा कुठून आला हा प्रश्न उरतो आणि तो अवघड आहे. ज्या जमशेटजींचं मी इतकं कौतुक केलं त्यांची मोठी कमाई चीनबरोबरच्या अफूच्या व्यापारातली होती. हे मी झाकून ठेवणार नाही. पांजरपोळातल्या गाईच्या पोटात गेलेल्या वैरणीमागे कुठेतरी कँटनमधला अफूबाज होता. आज आमच्या दारात कत्तलखान्याचा मालक, खडी क्रशरवाला, वाळूवाला आला तर काय करायचं? ह्यावर आमच्या मंडळात तीन बैठका झाल्या आणि पूर्ण एकमत अजून नाही. मी स्वतः अशी रेघ ओढते की ज्या धंद्यामुळे आमच्याकडे जखमी जनावरं येतात आणि जो धंदा आमच्या पावतीचा उपयोग तोंड धुवायला करेल, त्याचे पैसे नाही. जुनी चूक मान्य करून, धंदा बदलून देणारा आला तर घ्यायचे. ही रेघ वाकडी आहे मला माहीत आहे, पण रेघच नसण्यापेक्षा बरी.

मग लहान देणग्यांचं काय, हजार माणसांनी शंभर-शंभर दिले तर कुणाचीच मालकी नाही, हे लोकशाहीला धरून नाही का? मलाही तरुण असताना असंच वाटायचं. लहान देणग्या हव्यातच, गाव सोबत आहे हे त्यातूनच कळतं. पण शंभर रुपये कशाला येतात ते बघा. किडे पडलेल्या जखमेचा व्हिडिओ टाकला की रात्रीत तीस हजार जमतात, आणि 'ह्या महिन्यात ८० कुत्र्यांची नसबंदी झाली, सगळी ठणठणीत' असं टाकलं की अकराशे रुपये. जखम नसेल तर पैसे नाहीत. ह्याचा परिणाम असा होतो की संस्थेला नकळत जखमेचीच गरज पडायला लागते, आणि काहीजण तर त्याच जुन्या व्हिडिओवर पुन्हा पुन्हा पैसे गोळा करतात, त्याने सगळ्यांचंच नाव जातं. कुत्रं जखमी होऊ नये, चावू नये, आजारी पडू नये, ह्यासाठी पैसे द्यायला व्हिडिओ बघून रडणारा माणूस लागत नाही, आकडेमोड करणारा माणूस लागतो. व्यवसाय केलेल्या माणसाला देखभालीचा खर्च कळतो. मशीनला तेल घातलं नाही तर काय होतं हे त्याला वेगळं सांगावं लागत नाही.

कंपन्यांच्या सीएसआरकडे, म्हणजे कायद्याने समाजकार्यावर खर्चायच्या पैशाकडे, जा असं बरेचजण सुचवतात. जातो ना. कायद्याच्या यादीत प्राणीकल्याण हा शब्द आहे, अडचण ती नाही. पण तिथे सगळं ३१ मार्चकडे बघून चालतं, फार तर चालू प्रकल्प म्हणून तीन-चार वर्षं ओढता येतं, आणि कायम ठेवीसाठी ते पैसे २०२१ पासून घेता येत नाहीत. परदेशातल्या मराठी माणसांची मनं मोठी आहेत पण ज्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं त्याचे पैसे घ्यायला एफसीआरए ह्या परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी लागते, दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एका ठरावीक शाखेत खातं लागतं, छोट्या ट्रस्टला ते झेपत नाही. आणि इन्कम टॅक्सची नवीन पद्धत ज्यांनी घेतली त्यांना देणगीवरची सूट मिळत नाही, त्यामुळे 'टॅक्स वाचेल' हे सांगून मागायचे दिवस पण गेले. राहता राहिली गावातली, जिल्ह्यातली सधन माणसं आणि त्यांची घराणी. त्यांच्याकडे जायचं म्हणजे एका भेटीत चेक मिळत नाही. पहिल्या भेटीत काही मागायचं नसतं, त्यांना पहाटे गाडीवर घेऊन जायचं, ऑपरेशन दाखवायचं, चुकलेलं पण दाखवायचं, आणि मग एक वर्षाने मागायचं.

मृत्युपत्राबद्दल तर आपल्याकडे कुणी बोलतच नाही. अमेरिकेत लिओना हेल्मस्ली नावाच्या हॉटेलमालकिणीने कुत्रीसाठी १ कोटी २० लाख डॉलर ठेवले म्हणून जगभर हसू झालं, कोर्टाने ते २० लाखांवर आणले. पण तिने अब्जावधी डॉलरचा ट्रस्ट कुत्र्यांच्या भल्यासाठी वापरावा असंही लिहिलं होतं, आणि तिच्या विश्वस्तांनी २००९ मधे १३ कोटी ६० लाख डॉलर वाटले त्यातले प्राण्यांच्या संस्थांना दिले फक्त १० लाख. कोर्टाने विश्वस्तांना तशी मोकळीक दिली होती. इच्छा मोघम लिहिली की अशी वाट लागते. आमच्या ओळखीत मूलबाळ नसलेली, मांजरं-कुत्री सांभाळणारी कितीतरी वयस्कर माणसं आहेत ज्यांना झोप लागत नाही की आपल्यामागे ह्यांचं कसं होणार. आपल्या कायद्यात मांजराच्या नावावर घर करता येत नाही, पण नोंदणी झालेल्या ट्रस्टला, नेमक्या कामासाठी, नेमक्या शब्दांत देता येतं. हे त्यांना जाऊन सांगणं म्हणजे मरणावर टपून बसणं आहे असं आमच्यातल्या काहींना वाटतं. मला उलट वाटतं की न सांगणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

सहा पत्रांपैकी दोघांचा नकार आला, दोघांचं काहीच उत्तर नाही. एकांनी बांधकाम असेल तर सांगा म्हटलं, त्यांना मी ह्या वेळी गाडीची गोष्ट सांगितली, ते विचार करतो म्हणाले. आणि एक बाई, स्वतः सूतगिरणी चालवलेल्या, त्यांनी फोनवर एकच विचारलं, सहाव्या वर्षी काय? इतक्या भांडणात हा पहिला बरोबर प्रश्न होता. पालिकेच्या ठरावाचा मसुदा, ऑपरेशनचं रजिस्टर आणि तीन वर्षांचं ऑडिट घेऊन शनिवारी त्यांच्याकडे जायचंय. मार्केट यार्डातल्या आडत्यांशी पण बोलणं चालू आहे, पोत्यामागे चार आणे का होईना लागा परत सुरू करता येतो का बघायला.